पेल्तिए शीतक आणि वाहकांची गर्दी

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने थर्मोकोलच्या खोक्याचा छोटा शीतकपाट केला होता. खोक्याच्या झाकणात बिस्किटाएवढी चौकोनी पांढरी तबकडी बसवली होती आणि तिच्या दोन तारा विद्युत्‌पुरवठ्याला जोडल्या होत्या. वीज सुरू केली की तबकडीची एक बाजू गार होते व दुसरी गरम होते. हलणारा एकही भाग नाही, वायू नाही, घरघर नाही. मुलाने सकाळी खोक्यात ठेवलेले पाणी मात्र दुपारपर्यंत जेमतेम गार झाले होते. परीक्षक आलेले पाहून त्याने पुरवठ्याची खुंटी आणखी फिरवली, आणि पाहता पाहता तबकडीची गार बाजू कोमट झाली. त्याचा चेहरा उतरला.

"सर, जास्त वीज दिली तर जास्त गार व्हायला हवं ना?" त्याने विचारले.

मी त्याला प्रवाहाच्या वर्गाचा नियम सांगितला. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "मग आतला पदार्थ आणखी चांगला घ्यायचा!" मी म्हणालो, "सर्वांत चांगला पदार्थच त्यात घातलेला असतो, बाई." हे उत्तर देऊन मी पुढच्या टेबलाकडे वळलो. घरी आल्यावर वही उघडून हिशोब केला, तेव्हा कळले की माझे उत्तर अपुरे होते. सर्वांत चांगला पदार्थ सगळीकडे सारखा भरला म्हणजे सर्वांत चांगला शीतक मिळतो असे नाही. पदार्थातील विद्युत् वाहकांची संख्या मुद्दाम कमीजास्त ठेवली तर त्याहून खालचे तपमान गाठता येते. हे कसे, ते आज पाहू.

प्रथम थोडा इतिहास. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे वलय करून त्याचा एक सांधा तापवला तर वलयातून वीज वाहते, या परिणामाचा शोध १८२१ साली सीबेक यांच्या प्रयोगांतून लागला. १८३४ साली फ्रान्समधील पेल्तिए यांना याच्या उलट गोष्ट आढळली : सांध्यातून वीज वाहू दिली तर सांधा गार किंवा गरम होतो. हे पेल्तिए आधी घड्याळजी होते व पुढे पदार्थविज्ञानाकडे वळले. १८३८ साली लेन्झ यांनी बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवला आणि वीज सोडून तो गोठवून दाखवला. प्रवाहाची दिशा उलटवताच बर्फ वितळले. प्रयोग इतका सुंदर असूनही पुढची शंभरेक वर्षे त्यातून कामाचा शीतक निघाला नाही, कारण धातूंमध्ये हा परिणाम फार दुबळा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्धसंवाहक हाती आले. १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड व डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड वापरून नेहमीच्या हवेच्या तपमानापासून शून्य अंश सेल्सियसच्या खाली मजल मारली. प्रदर्शनातल्या त्या तबकडीत आजही मुख्यतः हाच पदार्थ असतो. नेहमी मिळणारी चार सेंटिमीटर बाजूची तबकडी उघडली तर आत अशा पदार्थाच्या लहान लहान ठोकळ्यांच्या १२७ जोड्या दिसतात. जोडीतला एक ठोकळा ऋण प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा असतो व दुसरा धन प्रकारचा असतो. दोन्हींत वाहक गार बाजूकडून गरम बाजूकडे जातील अशी जोडणी केलेली असते, म्हणून आपण एकाच ठोकळ्याचा विचार केला तरी पुरेल.

हे वाहक उष्णता कशी नेतात? मालधक्क्यावरचे हमाल डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वाहक हा एक हमाल आणि त्याच्या पाठीवरचे पोते म्हणजे उष्णता. तांब्याच्या पट्टीत हमालांची संख्या अफाट असते, एका घनसेंटिमीटरात सुमारे ८.५ × १०²². पण प्रत्येकाचे हात जवळजवळ रिकामे असतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये वाहक कमी असतात, घनसेंटिमीटरात १०¹⁹ च्या घरात, पण प्रत्येकाच्या पाठीवर चांगले भरलेले पोते असते. पोत्याचा आकार ज्या राशीने मोजतात तिला सीबेक गुणांक म्हणतात. हा गुणांक तांब्यासाठी अंशाला दोन मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो, तर आपल्या ठोकळ्यासाठी तो सुमारे २०० असतो. तांब्याच्या पट्टीतून रिकाम्या हाताने आलेला वाहक गार सांध्यावर ठोकळ्यात शिरतो तेव्हा त्याला पोते उचलावे लागते. ही उष्णता तो सांध्याच्या आसपासच्या अणूंकडून घेतो आणि सांधा गार पडतो. दुसऱ्या टोकाला पुन्हा तांब्यात शिरताना तो पोते टाकतो व ते टोक गरम होते. सांध्यावर दर सेकंदाला शोषली जाणारी उष्णता म्हणजे सीबेक गुणांक, निरपेक्ष तपमान आणि विद्युत्‌प्रवाह यांचा गुणाकार. हा संबंध विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखवून दिला.

आता वाहकांची गर्दी वाढवली तर? गर्दीत मोठे पोते घेऊन चालता येत नाही, तेव्हा प्रत्येकाचे पोते लहान होते. गणिताने पाहिले तर, वाहकांची संख्या फार नसेल अशा अर्धसंवाहकात ती दुप्पट केली की सीबेक गुणांक सुमारे ६० मायक्रोव्होल्टने घटतो आणि निम्मी केली की तेवढाच वाढतो. उलट रोधाचे आहे : वाहक दुप्पट झाले की रोध साधारण निम्मा होतो. विरळ जागी तेवढाच प्रवाह नेण्यासाठी वाहकांना भरभर चालावे लागते, आणि त्यात त्यांच्या धडपडीने उष्णता निर्माण होते. पोते मोठे हवे आणि रोध कमी हवा, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून वाहकांची एक मध्यम संख्या सर्वांत चांगली ठरते. पदार्थाचा गुणवत्तांक काढताना सीबेक गुणांकाच्या वर्गाला रोधकता व उष्णतावाहकता यांच्या गुणाकाराने भागतात. हा गुणवत्तांक कमाल होईल एवढेच अपद्रव्य मिसळायचे व ते सगळीकडे सारखे मिसळायचे, अशी नेहमीची रीत आहे.

अशा एकसारख्या ठोकळ्याचा हिशोब मांडू. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा सीबेक गुणांक अंशाला २०० मायक्रोव्होल्ट, रोध ०.०१ ओहम, आणि दोन टोकांत एका अंशाचा फरक असताना त्यातून वाहणारी उष्णता १.६ मिलिवॉट धरू. बिस्मथ टेल्युराइडसाठी हे आकडे वास्तवाच्या जवळ आहेत. यावरून गुणवत्तांक ०.००२५ येतो. गरम टोक पंखा लावून २७ अंश सेल्सियसवर, म्हणजे ३०० केल्व्हिनवर धरून ठेवले आहे आणि गार टोकाला कोणतीही वस्तू गार करायची नाही. ते फक्त किती खाली जाते ते पाहायचे आहे.

गार टोकाचे शत्रू दोन. एक, गरम टोकाकडून वाहत परत येणारी उष्णता. दुसरा, ठोकळ्याच्या रोधामुळे निर्माण होणारी जूल उष्णता. ती ठोकळ्यात सगळीकडे सारखी निर्माण होते, आणि हिशोब केला तर तिची बरोबर अर्धी गार टोकाकडे येते. पोत्यांतून जाणारी उष्णता प्रवाहाच्या पटीत वाढते, जूल उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून एक ठरावीक प्रवाह सर्वांत चांगला असतो. आपल्या घनासाठी तो ४.६५ अँपिअर येतो. त्या वेळी सांध्यावर २१६ मिलिवॉट उष्णता शोषली जाते. तीपैकी १०८ मिलिवॉट जूल उष्णतेच्या अर्ध्या वाट्याने आणि १०८ मिलिवॉट वहनाने परत येते. जमा आणि खर्च जुळले! गार टोक २३२.५ केल्व्हिनवर, म्हणजे शून्याखाली सुमारे ४१ अंशांवर थांबते. फरक ६७.५ अंश. बाजारातल्या एकमजली तबकड्यांचा कमाल फरकही ६५ ते ७० अंशांच्या आसपास असतो. हाच प्रवाह १० अँपिअर केला तर गार टोक शून्याखाली एका अंशावर येते, आणि १५ अँपिअर केला तर ते चक्क ७६ अंशांपर्यंत तापते. प्रदर्शनातल्या मुलाचे नेमके हेच झाले होते. शिवाय त्याच्या गरम बाजूला पंखाही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

कमाल फरकाचे सूत्र पाठ्यपुस्तकात मिळते : गुणवत्तांक गुणिले गार टोकाच्या निरपेक्ष तपमानाचा वर्ग, भागिले दोन. त्यावरून असे वाटते की गुणवत्तांक वाढवणे हा एकच मार्ग आहे. मीही त्या मुलीला तेच सांगितले होते. पण या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : ठोकळा आरपार एकसारखा आहे.

कोकणात डोंगराच्या पायथ्याशी घर असले तर पावसाळ्यात उतारावरचे पाणी अंगणात येते. अंगणातले पाणी बादल्यांनी उपसत बसण्यापेक्षा घराच्या मागे, उतारावर मध्येच एक आडवा चर खणतात. चराने अडवलेले पाणी अंगणापर्यंत पोचतच नाही. ठोकळ्यातही गरम टोकाकडून आणि मधल्या भागाकडून उष्णता गार टोकाकडे उतरत असते. ती वाटेतच अडवणारा चर खणता येईल का?

येतो. आपला ठोकळा मधोमध दोन भागांत विभागा. गार बाजूच्या अर्ध्या भागात वाहकांची संख्या दुप्पट करा. तेथे सीबेक गुणांक १४० होईल व रोधकता निम्मी. गरम बाजूच्या अर्ध्या भागात ती संख्या निम्मी करा. तेथे गुणांक २६० व रोधकता दुप्पट. आता हमालांची यात्रा पाहा. तांब्यातून आलेला हमाल गार सांध्यावर १४० मापाचे पोते उचलतो. ठोकळ्याच्या मध्यावर तो गर्दीतून विरळ जागी येतो, तेथे त्याच्या पाठीवर २६० मापाचे पोते बसते. जादा १२० माप त्याने कोठून आणले? मध्यावरच्या अणूंकडून. म्हणजे ठोकळ्याच्या पोटात आणखी एक शीत सांधा तयार झाला, हाच आपला चर. शिवाय गार अर्ध्यात रोध कमी असल्यामुळे तेथे जूल उष्णताही थोडीच निर्माण होते. बहुतेक जूल उष्णता गरम अर्ध्यात, म्हणजे गार टोकापासून दूर निर्माण होते.

सर्वोत्तम प्रवाह आता सुमारे ५.६ अँपिअर येतो. गार सांधा १७४ मिलिवॉट शोषतो, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच. पण मध्यावर आणखी १७७ मिलिवॉट शोषली जाते. गार अर्ध्यात जूल उष्णता ७८ मिलिवॉट, गरम अर्ध्यात ३१४ मिलिवॉट. मध्याचे तपमान २६४ केल्व्हिनवर येते, आणि गार टोक २२१.७ केल्व्हिनवर, शून्याखाली ५१ अंशांहून खाली जाते. फरक ७८ अंश! एकसारख्या ठोकळ्यापेक्षा दहा अंशांनी जास्त.

येथे क्षणभर थांबावे असे काही आहे. गार भागात वापरलेला १४० चा पदार्थ गुणवत्तेने मूळ पदार्थापेक्षा किंचित कमी आहे. सबंध ठोकळा त्याचाच केला तर फरक ६६.७ अंशच मिळतो. गरम भागातला २६० चा पदार्थ तर आणखी कमी प्रतीचा. त्याच्या सबंध ठोकळ्याला ६०.६ अंशांच्या पुढे जाता येत नाही. दोन्ही पदार्थ मूळ पदार्थाहून हलके, तरी योग्य क्रमाने जोडल्यावर त्यांनी मूळ पदार्थाला मागे टाकले. मला स्वतःला हा आकडा पहिल्यांदा खरा वाटेना, म्हणून मी बेरीज तीनदा तपासली.

"योग्य क्रमाने" हे शब्द महत्त्वाचे. तोच दोन भागांचा ठोकळा उलटा बसवा : विरळ भाग गार टोकाला, गर्दीचा भाग गरम टोकाला. आता हमाल गार सांध्यावर २६० मापाचे मोठे पोते उचलतो खरा, पण मध्यावर गर्दीत शिरताना त्याला १२० माप तेथेच टाकावे लागते. चराऐवजी डोंगरउतारावर पाण्याची टाकीच फोडली म्हणा ना! भरीस भर म्हणून जूल उष्णतेचा मोठा भाग गार टोकाशेजारी निर्माण होतो. परिणामी कमाल फरक केवळ ४५ अंशांवर येतो. एकच ठोकळा, तेच अणू, तीच वाहकांची एकूण संख्या. एका बाजूने ७८ अंश, दुसऱ्या बाजूने ४५. एकसारख्या ठोकळ्याला सुलटा-उलटा असा भेद नसतो.

हा भेद कागदावरचाच नाही. अर्धसंवाहकाचा रस एका टोकाकडून गोठवत नेऊन कांडी तयार करतात, तेव्हा त्यात मिसळलेले अपद्रव्य गोठलेल्या भागात व उरलेल्या रसात सारखे वाटले जात नाही. त्यामुळे कांडीच्या दोन टोकांना वाहकांची संख्या वेगळी येऊ शकते. दुसरे कारण वापरातले. तांबे बिस्मथ टेल्युराइडमध्ये सहज झिरपते व तेथील वाहकांची संख्या बदलते. म्हणून ठोकळ्याच्या टोकांना निकेलचा पातळ थर देऊन तांब्याला अडवतात. नको तेथे आलेला असमानपणा हा दोष, आणि हव्या त्या दिशेने आणलेला तोच असमानपणा गुण. कारखान्यात तो पहिल्या प्रकारात मोजला जात आला, हे स्वाभाविक आहे.

चौकस विद्यार्थी येथे विचारील : एका बाजूला वाहक जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, तर ते पसरून सारखे का होत नाहीत? थोडे पसरतातही. पण इलेक्ट्रॉन ज्या अपद्रव्याच्या अणूंकडून आले ते अणू धन भारित होऊन आपल्या जागी खिळलेले असतात. थोडे इलेक्ट्रॉन विरळ बाजूला सरकले की मागे उरलेला धन भार त्यांना ओढून धरतो आणि पसरणे थांबते. अपद्रव्याचे अणू हलत नाहीत तोपर्यंत गर्दीची वाटणी कायम राहते.

दोन भागांऐवजी वाहकांची संख्या गार टोकाकडून गरम टोकाकडे हळूहळू कमी करत नेली, तर एका चराऐवजी सबंध उतारभर बारीक बारीक चर खणल्यासारखे होते. २००६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान्ता क्रूझ येथील बिआन व शकूरी यांनी असा हिशोब करून दाखवला की, चढत्या-उतरत्या गुणांच्या पदार्थाने एकसारख्या पदार्थाची कमाल फरकाची मर्यादा ओलांडता येते. २०१२ साली स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचाराची सांगड टॉमसन परिणामाशी घातली. तपमान बदलते तसा सीबेक गुणांक बदलला तरी वाहकाला वाटेत पोते लहानमोठे करावे लागते. तो टॉमसन परिणाम. वाहकांच्या गर्दीने तीच गोष्ट आपल्याला हवी तेवढी घडवून आणता येते.

मात्र या युक्तीने प्रदर्शनातल्या मुलाचे खोके अधिक गार झाले असते का? बहुधा नाही. गार टोक फक्त २० अंशांनी खाली ठेवायचे असेल तर प्रवाह लहान लागतो, जूल उष्णता थोडी असते, आणि अडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. मी तोही हिशोब केला. एक वॉट वीज खर्चून एकसारखा ठोकळा सुमारे १.४५ वॉट उष्णता बाहेर काढतो, तर आपला दोन भागांचा ठोकळा १.२५ वॉटच काढतो. म्हणजे येथे जुनीच रीत बरी. असमान ठोकळ्याचा उपयोग तेथे, जेथे विजेच्या खर्चापेक्षा खोल तपमानाला महत्त्व आहे. अवरक्त किरण टिपणारी उपकरणे ही त्यांपैकी होत. तेथे आज एकावर एक तबकड्या रचून बहुमजली शीतक करतात. वरचा मजला लहान, खालचा मोठा. आपण ठोकळ्याच्या पोटात जे केले ते एका अर्थी याच मजल्यांचे लहान रूप आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. उष्णतेपासून वीज करणाऱ्या जनित्रांच्या प्रकरणात "गरम टोकाला वाहक जास्त ठेवावेत" असे वाक्य आढळले तर गोंधळून जाऊ नये. तेथे दोन टोकांत शेकडो अंशांचा फरक असतो. तपमान जास्त तेथे वाहकांची सर्वोत्तम संख्याही जास्त असते, म्हणून प्रत्येक भाग आपापल्या तपमानाला साजेसा करतात. शीतकात फरक लहान असल्याने हे कारण गौण ठरते आणि चराचा विचार वरचढ होतो, म्हणून क्रम उलटा येतो.

वरचे आकडे स्वतः पडताळून पाहावेत. बीजगणित दहावीच्या पलीकडचे नाही. अर्ध्या ठोकळ्यातून एका अंशाला ३.२ मिलिवॉट उष्णता वाहते. गार अर्ध्याचा रोध ०.००२५ ओहम व गरम अर्ध्याचा ०.०१ ओहम. प्रत्येक भागाच्या जूल उष्णतेची अर्धी त्याच्या एका टोकाला आणि अर्धी दुसऱ्या टोकाला द्या. गार सांध्यासाठी एक व मध्यासाठी एक, अशी आत येणाऱ्या व शोषल्या जाणाऱ्या उष्णतेची दोन समीकरणे लिहा. अज्ञात राशी दोनच आहेत, मध्याचे व गार टोकाचे तपमान. प्रवाह ५, ५.५, ६ अँपिअर असा बदलत जाऊन गार टोक सर्वांत खाली कधी येते ते काढा. ते जमले की गार भाग एक तृतीयांश आणि गरम भाग दोन तृतीयांश लांबीचा घेऊन पाहा, आणि मग तीन भागांचा ठोकळा करून पाहा.